ड्युलीकचा क्रूस आणि बॉइनकाठचे पाषाण

श्रोतेहो, नमस्कार.

डब्लिनहून उत्तरेकडे निघालेला प्रवासी बहुधा न्यूग्रेंज पाहायला जातो आणि गीझाच्या पिरॅमिडांहूनही जुनी असलेली ती समाधी पाहून त्याच संध्याकाळी परततो. त्यात गैर काही नाही. परंतु माझे मत विचाराल, तर बॉइन नदीच्या या खोऱ्याची ओळख उलट्या क्रमाने करून घ्यावी. आधी मीथ काउंटीतील ड्युलीक या लहानशा गावी जावे, तिथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या क्रूसाजवळ थांबावे आणि मग एकेक टप्पा मागे सरकत पाच हजार वर्षांपूर्वीच्या पाषाणांपर्यंत पोहोचावे.

ड्युलीकचा हा क्रूस 1601 साली जेनेट डाउडॉल या स्त्रीने आपले दिवंगत पती विल्यम बाथ यांच्या आणि स्वतःच्याही स्मरणार्थ उभारला. त्याचा चौकोनी स्तंभ पाहताना मान फार वर करावी लागत नाही. जवळ गेल्यावर संतांच्या लहान लहान मूर्ती, कुलचिन्हे आणि इंग्रजीत कोरलेला मजकूर दिसू लागतो. क्रूस कोणी बांधला, कोणासाठी बांधला आणि कोणत्या साली, हे सारे त्या मजकुरात आहे, आणि शेवटी देवाने या आत्म्यांवर दया करावी अशी प्रार्थना आहे. विल्यम बाथ हे न्यायाधीश होते, म्हणजे एलिझाबेथ राणीच्या राजवटीचे अधिकारी. मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा त्या राजवटीच्या अधिकृत प्रोटेस्टंट पंथाला मान्य नव्हती. अशा काळात त्यांच्या विधवेने भर रस्त्यावर संतांच्या मूर्तींसह क्रूस उभा करावा, यातला धीटपणा आज सहज लक्षात येत नाही.

या दांपत्याचे नाव गावात आणखी एका ठिकाणी आढळते. नॅनी नदीवरील जुन्या पुलाच्या शिलालेखात तो पूल 1587 साली या दोघांनी दुरुस्त करून बांधला असे नमूद आहे. वाटसरूला आधी पूल द्यायचा आणि मग त्याच वाटेवर त्याच्याकडे प्रार्थना मागायची, हा व्यवहार मला मोठा मनोज्ञ वाटतो. वांद्र्याच्या किंवा गिरगावातील खोताच्या वाडीच्या गल्ल्यांमधून फिरलेल्या श्रोत्यांना रस्त्याकडेचे क्रूस परके नाहीत. मुंबईतील त्यांपैकी कित्येक 1896 नंतरच्या प्लेगाच्या दिवसांत उभे राहिले. ड्युलीकचा क्रूस साथीतून आलेला नाही, एका घरातील मृत्यूतून आला आहे.

गावातच जुन्या मठाचे अवशेष आहेत. 1014 साली क्लॉन्टार्फच्या लढाईत राजा ब्रायन बोरू मारला गेला, तेव्हा त्याचे शव आर्माला नेताना वाटेत ड्युलीकला आणले होते. इथल्या चौकोनी मनोऱ्याची उत्तरेकडील बाजू अवश्य पाहावी. तिथे भिंतीत खालपासून वरपर्यंत एक गोलाकार खोबण आहे. पूर्वी त्या जागी उंच गोल मनोरा होता. नवा मनोरा त्याला चिकटवून बांधला गेला, पुढे जुना नाहीसा झाला आणि नव्याच्या अंगावर त्याचा ठसा तेवढा राहिला.

ड्रॉहेडा शहराच्या उत्तरेला मोनॅस्टरबॉइस आहे. तिथला मुईरेदाखचा क्रूस सुमारे साडेपाच मीटर उंच असून त्यावर बायबलमधील प्रसंग दाटीने कोरले आहेत. त्याच्या पायथ्याशी वाकून पाहिले म्हणजे दोन मांजरे दिसतात आणि तिथेच जुन्या आयरिश भाषेतील लेख आढळतो: ज्याने हा क्रूस करवून घेतला त्या मुईरेदाखसाठी प्रार्थना करा. हा मुईरेदाख म्हणजे 923 साली निवर्तलेला मठाधिपती असावा, असे सामान्यतः मानतात. मागणे जेनेटबाईंचेच आहे, मात्र इथे साल नाही, पत्नी नाही, गावही नाही. उरले आहे ते एक नाव.

न्यूग्रेंजला तेही नाही. नदीच्या दक्षिण तीरावरील अभ्यागत केंद्रातून बसने तिथे नेतात. इ.स.पू. 3200 च्या सुमारास रचलेल्या या टेकाडाचा व्यास सुमारे 85 मीटर असून त्याच्या पायाशी 97 प्रचंड शिळांचे कडे आहे. दाराजवळच्या शिळेवर वेटोळी कोरली आहेत आणि त्यांचा अर्थ सांगणारे लेखन त्या काळी तिथे नव्हतेच. आतील वाट 19 मीटर लांब आणि जागोजागी इतकी अरुंद की अंग चोरून चालावे लागते. ही वाट चढत जाते, त्यामुळे गाभाऱ्याची जमीन दारावरील एका लहान झरोक्याच्या पातळीला येते. म्हणूनच उत्तरायणाच्या आरंभीच्या त्या चार-सहा दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण दारातून नव्हे, तर झरोक्यातून गाभाऱ्यात पोहोचतो आणि सुमारे 17 मिनिटे तिथे राहतो. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओकेली यांनी 21 डिसेंबर 1967 रोजी हे आत बसून पाहिले. त्यांच्याच उत्खननात असेही दिसून आले की वाटेच्या छताच्या शिळांवर पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळी कोरल्या होत्या. गाभारा आजही कोरडा आहे. दर्शनी भागातील पांढऱ्या गारगोट्यांची उभी भिंत मात्र ओकेलींच्या मतानुसार केलेली पुनर्रचना आहे. ती मूळची मानण्यास अनेक अभ्यासक तयार नाहीत, आणि मलाही ती जरा अतिच नीटनेटकी वाटते.

शेजारच्या नाउथ येथे पाषाणयुगीन कोरीवकामाचा साठा न्यूग्रेंजहूनही मोठा आहे, पण वेळ थोडा असेल तर मी डाउथ सुचवीन. तिथे अभ्यागत केंद्राची बस जात नाही. 1847 च्या सुमारास खणणाऱ्यांनी टेकाडाच्या मध्यभागी पाडलेला खड्डा तसाच आहे, आणि त्यामुळे आपण काय पाहतो आहोत याविषयी कोणताही गैरसमज होत नाही. गाभारे बंद असले तरी बाहेरून टेकाडाला फेरी मारता येते. त्याच्या दक्षिणेकडील गाभाऱ्यातही त्याच दिवसांत सूर्य शिरतो, तो मात्र मावळतीचा.