आधी तुमचं बघा!
(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. पुरणपोळीनंतर मानवाधिकारांवर बोलायला उभं राहायचं म्हणजे सभागृहाला झोपेचं आवतण देण्यासारखंच आहे. पण विषय समितीनं दिलाय आणि घड्याळ घेऊन अध्यक्षीणबाई पहिल्याच रांगेत बसल्यात. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा मानवाधिकारांवरचा वार्षिक अहवाल येतो. त्यात भारताबद्दल काही कडक लिहिलेलं असलं की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात उत्तर पडतं: आधी तुमचं बघा! पोलिसांच्या हातून मेलेला जॉर्ज फ्लॉइड, ग्वांतानामोचा तुरुंग, शाळांमधले गोळीबार. यादी खरी असते, त्याबद्दल वादच नाही. चीनचं सरकार तर त्या अहवालाला उत्तर म्हणून अमेरिकेतल्या मानवाधिकारांवर स्वतःचा अहवालच काढतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, हा टोमणा मारायला सगळेच तयार. पण ज्याच्या घरात अन्याय चालू आहे त्या देशानं दुसऱ्याबद्दल बोलूच नये का? मला वाटतं, बोलावं. आणि हे मी आपल्याच देशाच्या उदाहरणावरून म्हणतोय.

न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोजचं क्वीन्स म्युझियम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. मुलांना घेऊन शहराचं ते भलंमोठं मॉडेल बघायला आपण सगळेच जातो. १९४६ साली संयुक्त राष्ट्रांची आमसभा त्याच इमारतीत भरत होती. भारत अजून स्वतंत्र व्हायचा होता. तरी भारतानं तिथं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तक्रार नेली. तिथल्या सरकारनं त्या वर्षी कायदा करून भारतीयांच्या जमीन घेण्यावर आणि राहण्याच्या जागांवर बंधनं घातली होती. लोक त्याला घेट्टो कायदा म्हणत. त्याआधी जुलैमध्येच भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. म्हणजे नुसती तोंडाची वाफ नव्हती, पदराला खार लावून घेतला होता.

शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. (त्यांचं सासर मूळचं मराठी, हे आपल्या मेळाव्यात सांगितलंच पाहिजे!) सोबत मुंबईचे बॅरिस्टर छागला. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. गंमत बघा, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची मानवाधिकारांचा उल्लेख असलेली प्रस्तावना लिहिण्यात याच स्मट्स यांचा हात होता. आणि स्वतःच्या देशावर वेळ आली तेव्हा त्यांची बाजू काय, तर हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, सनदेप्रमाणे त्यात कुणी नाक खुपसायचं नाही. जोडीला दुसरं अस्त्रही निघालंच: भारतातल्या जातींचं काय? हिंदू-मुसलमान दंग्यांचं काय?

यातलं काय खोटं होतं? ऑगस्टमध्ये कलकत्त्यात हजारो माणसं कापली गेली होती, ऑक्टोबरमध्ये नोआखाली पेटलं होतं. आपल्या महाराष्ट्रात तर पंढरीच्या विठोबाचं दार अस्पृश्यांना बंद होतं. ते उघडायला पुढच्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. न्यूयॉर्कमध्ये समतेवर भाषण आणि पंढरपुरात दाराला कडी, अशी आपली अवस्था होती.

८ डिसेंबरला मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन तृतीयांश मतं लागत होती. बाजूचं एकच मत विरोधात गेलं असतं तर ठराव बुडाला असता. विरोधात मत देणाऱ्यांत ब्रिटन होतं आणि अमेरिकाही होती. दक्षिणेतल्या बसमध्ये काळ्यांना मागे बसवणारी अमेरिका. पंडितबाईंनी पुढे आठवणीत लिहिलंय की त्या नंतर स्मट्स यांना भेटायला गेल्या, तेव्हा ते म्हणाले, हा तुझा विजय पोकळ आहे. यानं मी निवडणूक हरेन, पण तुमच्या हाती काही लागणार नाही. १९४८ साली ते खरोखरच हरले आणि वर्णभेदालाच धोरण म्हणणारा पक्ष सत्तेवर आला. टीका केली की समोरचा सुधारतो, असा हिशेब मी तुम्हाला सांगणार नाही. तिथल्या भारतीयांचे हाल वाढलेच.

मग बोलून मिळवलं काय? यासाठी त्याच वर्षाचं एक पत्र बघावं लागतं. जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं कळलं, त्याच्या प्रती पाठवा, भारतातले अस्पृश्यही तसंच काही करायच्या विचारात आहेत, असा मजकूर. बाबासाहेब कोलंबियात शिकलेले, त्यांना दोन्ही बाजूंचं दुखणं नेमकं ठाऊक. ते असं म्हणाले नाहीत की अस्पृश्यता आहे तोवर भारतानं दक्षिण आफ्रिकेबद्दल गप्प बसावं. त्यांनी ओळखलं की दार उघडलंय, आपणही आत शिरलं पाहिजे. १९५१ साली मंत्रिपद सोडतानाच्या निवेदनात त्यांनी सांगितलं की संयुक्त राष्ट्रांसाठी त्यांनी असं निवेदन तयारही केलं होतं. संविधान सभेला आणि पुढच्या संसदेला संधी द्यावी म्हणून ते हातचं राखून ठेवलं.

स्मट्स यांच्या बाजूनं जातीचा मुद्दा काढणाऱ्यांना पंढरपूरच्या महाराची काडीची फिकीर नव्हती. तेच सत्य बाबासाहेबांच्या तोंडी आलं की त्याला धार येत होती. ‘आधी तुमचं बघा’ असं कुणी म्हणालं की मी एवढंच बघतो: ज्याचं नाव पुढे केलंय, त्याच्यासाठी हा माणूस काल काय बोलला होता?

अमेरिकेतही हेच घडलं. १९४७ साली डू बॉइस यांच्या संपादनाखाली एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रांपुढे मोठा अर्ज ठेवला. त्याला उचलून धरलं कुणी? सोव्हिएत रशियानं! तिकडे स्टालिनच्या छावण्यांमध्ये लाखो माणसं खितपत पडलेली आणि इकडे काळ्यांचा कळवळा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात तर बोंब खरी होती, लिंचिंग होत होतंच. आणि त्या बोंबेचा परिणामही झाला. १९५२ च्या डिसेंबरमध्ये शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्यात अमेरिकी सरकारनंच सर्वोच्च न्यायालयाला लेखी कळवलं की या भेदभावामुळे जगात आपली अडचण होते. परराष्ट्रमंत्री अॅचिसन यांचं पत्र त्यात जोडलं. १७ मे १९५४ ला निकाल लागला, सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. लढले ते काळे पालक आणि त्यांचे वकील, हे विसरायचं नाही. पण स्वातंत्र्याचं प्रवचन जगभर करणाऱ्या सरकारला त्यांनी त्याच्याच शब्दांत पकडलं होतं. जो देश कुणालाच काही म्हणत नाही, त्याला असं पकडायला जागाच नसते.

आता आपल्याकडे. २००१ साली वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली डरबनला, ज्या नाताळ प्रांतातल्या भारतीयांसाठी आपण १९४६ साली भांडलो तिथंच. भारतातले दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन तिथं गेले. भारत सरकारची भूमिका काय होती? जात म्हणजे वंश नव्हे, हा आमच्या घरातला प्रश्न आहे, आमचं संविधान त्याला समर्थ आहे. संविधान समर्थ आहे, खरंच आहे. पण बाकीचा युक्तिवाद ऐकून स्मट्स यांना गहिवरून आलं असतं.

एप्रिल २०२२ चं तर तुम्हाला आठवत असेल. भारतातल्या मानवाधिकारांवर आमचं लक्ष आहे, असं अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकन म्हणाले. जयशंकरांनी उत्तर दिलं की अमेरिकेबद्दल आमचीही मतं आहेत, विशेषतः आमच्या समाजाचा प्रश्न असतो तेव्हा. त्याच सुमारास क्वीन्समध्ये, रिचमंड हिलला, शीख माणसांवर हल्ले झाले होते. आपल्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. मीही म्हणतो, बोलावंच. फक्त त्या सरदारजींना मार बसला म्हणून बोलावं, ब्लिंकन बोलले म्हणून नव्हे.

आणि मंडळी, हे आपल्याही अंगणात आलंय. २०२३ मध्ये सिएटलनं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानंही तसं विधेयक मंजूर केलं, गव्हर्नर न्यूसम यांनी ते सही न करता परत पाठवलं. त्या विधेयकाचे कच्चे दुवे असतील, त्यावर जरूर वाद घालू. पण त्या वेळी आपल्यात सगळ्यांत जास्त ऐकू आलेलं वाक्य होतं, ‘या गोऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.’ ती मागणी करणारे बहुतेक गोरे नव्हतेच. ते आपल्यासारखेच इथं नोकरी करणारे, घराचे हप्ते फेडणारे भारतीय होते. त्यांतले काही मराठी बोलतात. समितीला माझी विनंती आहे, पुढच्या मेळाव्यात या जागेवर त्यांच्यापैकी कुणाला तरी बोलवा, आणि जेवणाच्या आधीची वेळ द्या.