राजधानी हरवलेलं सरकार

(दृश्य: काबूलचा उघडा डोंगर. उतारावर एकावर एक रचल्यासारखी मातीची घरं.)

एप्रिल १९९२. चौदा वर्षं टिकलेली कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि पेशावरहून आलेले मुजाहिदीन नेते काबूलमध्ये शिरले. देशाचं नवं नाव ठरलं, अफगाणिस्तानचं इस्लामी राज्य. पेशावरच्या करारात सत्तेची वाटणी आधीच झाली होती : सिबगतुल्ला मुजद्दिदी दोन महिने, त्यांच्यानंतर बुऱ्हानुद्दीन रब्बानी चार महिने.

रब्बानी मूळचे बदख्शानचे, काबूल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवणारे. चार महिन्यांसाठी खुर्चीवर बसलेला हा माणूस साडेनऊ वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिला. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं त्याच्या ताब्यात राजधानीच नव्हती.

(दृश्य: जादे मैवंद. दुतर्फा भिंतींचे सांगाडे, आभाळ दिसणाऱ्या खिडक्या.)

हा काबूलचा भर बाजाराचा रस्ता. इथली पडझड सोव्हिएत फौजांनी केलेली नाही. त्या १९८९ मध्येच परत गेल्या होत्या, तेव्हा शहर बऱ्यापैकी उभं होतं. काबूल उद्ध्वस्त झालं ते स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्यांच्याच हातून.

मुजाहिदीनांपैकीच एक नेते गुलबुद्दीन हिकमतयार यांची माणसं दक्षिणेकडून शहरावर रॉकेटं डागत होती. मार्च १९९३ मध्ये इस्लामाबादला नवा करार झाला आणि त्यात पंतप्रधानपद मिळालं ते हिकमतयार यांनाच! करार पाळण्याची शपथ घ्यायला नेते थेट मक्केला गेले. तरीही पंतप्रधान शहराबाहेर चारासियाबलाच बसून राहिले आणि त्यांच्या तोफा त्यांच्याच राजधानीवर धडाडत राहिल्या. मे महिन्यात दारुलअमानजवळच्या राष्ट्रीय संग्रहालयावर रॉकेट पडलं. शहरातल्या विजेवरच्या ट्रॉलीबस तर १९९२ मध्येच बंद पडल्या होत्या.

पण सगळा दोष एकट्या हिकमतयारांच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये पश्चिम काबूलच्या अफशार वस्तीत हजारा लोकांची कत्तल झाली. हजारा म्हणजे अफगाणिस्तानातला एक, बहुतांशी शिया, समाज. ती मोहीम सरकारचीच होती : संरक्षणमंत्री अहमदशाह मसूद यांचं सैन्य आणि त्यांच्या बाजूचे मुजाहिदीन नेते सय्याफ यांचे लढवय्ये. मसूदच्या शौर्याच्या गोष्टी आपल्याकडेही आवडीने सांगतात. त्या सांगताना अफशारचं नाव गाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: रात्र. उत्तरेकडे जाणारा रस्ता, गाड्यांचे दिवे.)

२६ सप्टेंबर १९९६. त्या रात्री सरकार काबूल सोडून उत्तरेकडे निघालं. पहाटेपर्यंत शहर तालिबानच्या हाती गेलं होतं.

इथून या सरकारचं विलक्षण आयुष्य सुरू होतं. देश सोडला नाही, पण देश हातातही राहिला नाही. मुक्काम कधी उत्तरेकडच्या तालुकानला, कधी बदख्शानमधल्या फैजाबादला. २००० च्या सप्टेंबरमध्ये तालुकानही गेलं. ताब्यात उरला ईशान्येकडचा डोंगराळ कोपरा आणि पंजशीरचं खोरं.

मग सरकार म्हणून शिल्लक काय होतं? एक खुर्ची. संयुक्त राष्ट्रांमध्ये अफगाणिस्तानची जागा कुणाची, हा निर्णय दरवर्षी पुढे ढकलला जायचा आणि जागा रब्बानींच्याच प्रतिनिधीकडे राहायची. तालिबानला मान्यता देणारे देश फक्त तीन : पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात. शिवाय रशियात छापून येणाऱ्या नोटा होत्या. तालिबानने स्वतःचं चलन काढलंच नाही.

आणि होते दूतावास. दिल्लीत चाणक्यपुरीत त्या सरकारचा हिरवा-पांढरा-काळा झेंडा फडकत होता. डिसेंबर १९९९ मध्ये आपलं अपहृत विमान कंदाहारच्या धावपट्टीवर उभं होतं, तेव्हा वाटाघाटी कराव्या लागल्या त्या भारताची मान्यताच नसलेल्या राजवटीशी. तो आठवडा आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीसमोर जीव मुठीत धरून काढलाय.

(दृश्य: ख्वाजा बहाउद्दीन. धुळीचं गाव, एक साधी खोली.)

८ सप्टेंबर २००१ ची रात्र. मसूद आणि त्यांचे जुने मित्र, दिल्लीतले राजदूत मसूद खलीली, फारसी कवी हाफिजच्या कविता वाचत बसले होते. दुसऱ्या दिवशी पत्रकार म्हणवणारे दोघे मुलाखतीला आले. प्रश्न सुरू होतो न होतो तोच स्फोट झाला. मसूद गेले. शेजारी बसलेले खलीली वाचले, मात्र एका डोळ्याची दृष्टी गेली. ते सांगतात, छातीकडे आलेले तुकडे खिशातल्या पासपोर्टमध्ये अडकले. तो पासपोर्ट थोड्या वेळापूर्वी मसूदनीच त्यांच्या खिशात सरकवला होता.

(दृश्य: काबूल, डिसेंबर २००१.)

अमेरिकेच्या हल्ल्यांपुढे तालिबान पळाल्यावर नोव्हेंबरमध्ये रब्बानी पुन्हा काबूलला आले. २२ डिसेंबरला त्यांनी हमीद करझाईंच्या हाती सत्ता सोपवली. बऱ्याच वर्षांनी अफगाण माणसाला सत्ता अशी हातातून हातात जाताना दिसली.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये नव्या नोटा आल्या. जुन्या एक हजार अफगाणींना नवी एक. लोक पोत्यांत भरभरून जुन्या नोटा घेऊन आले, आणि त्या मोजून जाळण्यात आल्या.