कळशीचं वजन आणि पुरोहिताची सही
(नागपुरात नवलेखकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, चोर आणि ठकांची अद्भुत कादंबरी लिहायची असेल तर आधी तराजू काढा. हस्तलिखितांत एक वाक्य हमखास भेटतं: "त्याने मोहरांची कळशी खांद्यावर टाकली आणि तो अंधारात पसार झाला." हिशोब करू. कळशी दहा लिटरची. मोहरांमध्ये फटी राहतात, म्हणून प्रत्यक्ष सोनं धरा सहा लिटर. एक लिटर सोनं १९.३ किलो भरतं. म्हणजे कळशीत ११५ किलो, साधारण दहा हजार तोळे. ती खांद्यावर टाकून पळायचं तर पसार होण्याआधी कंबर जाईल.

आता बदलीचा माल. सोनं काढून तेवढ्याच आकाराची पितळी नाणी ठेवली, तर कळशी भरेल ५१ किलो. शिसं ठेवलं तर ६८. पहारेकऱ्याने झाडताना ती नुसती पायाने सरकवली तरी बिंग फुटलं. इतवारीतल्या सराफाला तर वजनाचीही गरज नाही. कसोटीवर रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब टाकायचा. पितळेची रेघ विरून जाते, सोन्याची राहते. तेव्हा नकली माल घडवताना पहिला प्रश्न धातूचा नाही, माणसाचा आहे. हा माल अशा कुणाच्या हाती जाणार, जो तपासून पाहणार नाही? आणि का पाहणार नाही? त्या 'का'चं उत्तर सापडलं की कादंबरीचा कणा सापडला.

जादू इथेच घोटाळा करते. मंत्राने पितळेचं सोनं होत असेल तर ठकाला डोकं चालवायची गरज उरत नाही. मंत्राने फक्त रंग यावा, वजन येऊ नये. अदृश्य होता यावं, पण चिखलात पाऊल उमटावं. आणि ही उणीव ऐन चोरीच्या रात्री उघड करू नका. आधीच्या एखाद्या प्रकरणात, अगदी क्षुल्लक कामात, मंत्र फसलेला दाखवा. भाजीबाजारात नकली नाणं परत आलं, एवढंही पुरे.

घरफोडीचा वस्तुपाठ आपल्याकडे जुना आहे. 'मृच्छकटिका'च्या तिसऱ्या अंकातला शर्विलक भिंत पाहून काम ठरवतो: पक्क्या विटा ओढून काढायच्या, कच्च्या कापायच्या, मातीच्या ढेकळांची भिंत भिजवायची, लाकूड असेल तर फाडायचं. मापाची दोरी विसरला म्हणून जानव्याने मोजतो. भोकातून आधी बुजगावणं आत सारतो. दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. इतकी चोख तयारी, आणि घरात निघतात वाद्यं आणि पुस्तकं! दागिन्यांचा करंडा मिळतो तो घरमालक चारुदत्ताच्या मित्राने, झोपेत बरळणाऱ्या मैत्रेयाने, स्वतःहून हातात दिला म्हणून. योजना अशीच फसावी, घराच्या मालकामुळे. ऐनवेळी मांजर आडवं जाऊन फसलेल्या योजनेला काही किंमत नाही.

नागपूरकरांना तर आयतं कथानक पडलेलं आहे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, राज्य खालसा झालं, राजवाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढलं. तुमच्या कल्पित नगरीत असाच खजिना उद्या बाहेर जाणार आहे आणि आज तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस आहे. महाल भागात काळी आणि पिवळी मारबत या बाईच्या रूपातल्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली आहे, बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे निघाले आहेत, "घेऊन जा गे मारबत" म्हणून गर्दी ओरडते आहे. बांबू-कागदाच्या पुतळ्याच्या पोटात सोनं ठेवून ते सगळ्यांदेखत वेशीबाहेर न्यायचं.

पुतळा जाळतात, मग सोन्याचं काय? सोनं १०६४ अंशांना वितळतं. बांबू-कागदाचा जाळ भडकतो आणि लवकर बसतो. तेवढ्यात ११५ किलोचा गोळा होणार नाही. तोळाभर सोनं ओघळलंच तर ते राखेत सापडेल. फार तर मोहरांवर काजळी धरेल. रत्नं मात्र त्यात ठेवू नका. मोती जळतील, पाचू तडकेल. खरी अडचण वजनाची आहे. कागदाचा पुतळा उचलताना दहा खांदे वाकलेले दिसले की कोतवाल हसायचा थांबेल. म्हणून पुतळा गाडीवर हवा. बैलगाडीला ११५ किलो जाणवतही नाहीत. पण हे आदल्या दिवशी घडवू नका. पोळ्याला बैल जुंपले तर विदर्भातला वाचक पुस्तक तिथेच मिटेल.

आता ठकबाजी, जिथे भिंत फोडावीच लागत नाही. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त शिव आणि माधव हे दोन ठक उज्जयिनीच्या शंकरस्वामी पुरोहिताला लुटतात. शिव क्षिप्रेकाठी तपस्वी होऊन बसतो. माधव दक्षिणेकडचा राजपुत्र बनून येतो आणि चारचौघांत त्याच्या पाया पडतो. नंतर पुरोहिताच्याच घरी मुक्काम करून नकली दागिन्यांची पेटी त्याच्याच कोठारात ठेवतो, अधूनमधून उघडून दाखवतो. मग उपाशी राहून आजारी पडतो आणि सर्वस्व दान करायला सत्पात्र ब्राह्मण मागतो. एक आणला, नको. दुसरा, नको. शेवटी शिव. तो आधी नाहीच म्हणतो! पुरोहितच त्याला गळ घालतो, मुलगी देतो, आणि दागिन्यांच्या बदल्यात आपलं धन देतो. शिव म्हणतो, मला यांची किंमत कळत नाही. पुरोहित म्हणतो, मला कळते. कागद होतो, सह्या होतात.

तो दागिने तपासत का नाही, हे आता सांगावं लागत नाही. तपासायला नेले तर आपण भोळ्या तपस्व्याला फसवतो आहोत हे बाहेर पडेल. पुढे बाजारात स्फटिक, रंगीत काच आणि पितळ निघतं, तो राजाकडे जातो, आणि तिथे हरतो. शिवाने अज्ञान आधीच कबूल केलं होतं. माधवाने तर कुणाकडून काही घेतलंच नव्हतं. नवे लेखक लूट झाली की पडदा पाडतात. सावज तक्रार का करू शकत नाही, किंवा केली तर का हरतं, यासाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवा.

वाचकाला किती सांगायचं? घरफोडीची योजना आधी पूर्ण सांगितली असेल तर ती फसायलाच हवी, नाहीतर वाचक तीच गोष्ट दोनदा वाचतो. ठकबाजीचं उलट आहे. कुणाला लुटायचं हे सोमदेव सुरुवातीलाच सांगून टाकतो, तरी रस कमी होत नाही, कारण आपण पुरोहिताकडे बघत असतो. लपवायची असेल तर एकच गोष्ट लपवा: शिव नकार देणार आहे ही.