फाटक्या कागदातला काटकोन

एक कागद घ्या. कडा वेड्यावाकड्या फाटलेल्या असतील तर उत्तमच. त्याला कुठेही एक घडी घाला. आता ही घडीची कड तिच्याच अंगावर तंतोतंत बसेल अशी दुसरी घडी घाला आणि नखाने दाबा. हातात आलेला कोपरा ९० अंशांचा आहे. पट्टी नाही, कोनमापक नाही, तरी काटकोन मिळाला! पहिली घडी म्हणजे सरळ कोन, १८० अंश. दुसऱ्या घडीने त्याचे दोन सारखे भाग केले.

कोन म्हणजे वळण. एका बिंदूतून दोन किरण निघतात. एकावरून दुसऱ्यावर यायला जितकं वळावं लागतं, तितका कोन. सुरुवातीला इथेच गफलत होते. भुजा लांब काढल्या की कोन मोठा वाटतो. पण तीन वाजता भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यांमध्ये ९० अंश असतात आणि मनगटावरच्याही. काटकोनाहून कमी वळण तो लघुकोन. जास्त, पण सरळ कोनाहून कमी, तो विशालकोन.

पूर्ण फेरी ३६० अंशांची. साठच्या पटीत मोजणाऱ्या प्राचीन बॅबिलोनी लोकांकडून ही पद्धत आली. ३६० ला २, ३, ४, ५, ६, ८, ९, १० आणि १२ या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो, केवढी सोय!

आता कुठलाही त्रिकोण कापा. तिन्ही कोपऱ्यांवर टिंबं द्या, नाहीतर फाडल्यावर मूळचा कोपरा कोणता ते ओळखू येत नाही. कोपरे फाडा, टिंबांकडची टोकं एका बिंदूपाशी जुळवा. खाली सरळ रेष! त्रिकोण उंच असो की पसरट, तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच.

चौकोनात एक कर्ण काढला की दोन त्रिकोण होतात, म्हणून ३६० अंश. पंचकोनात तीन त्रिकोण, ५४० अंश. सुसम, म्हणजे सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा. असे तीन पंचकोन एका बिंदूभोवती मांडा. ३२४ अंश भरतात, ३६ अंशांची फट उरते. चौथा मावत नाही. सुसम षटकोनाचा कोन १२० अंशांचा, त्यामुळे तीन षटकोन बरोब्बर बसतात.

पंचकोनांमधली ती फट मात्र कडा ओढून मिटवून बघा. कागद टेबलावरून वर उचलला जातो, त्याची वाटी होते. असेच जोडत गेलात, तर बाराव्या पंचकोनाला ती चहूबाजूंनी बंद होते.