लातूरचं सोयाबीन आणि पुण्यातला व्हीगन किराणा

ही सदाशिव पेठेतली खोली. तीन कॉट, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, एमपीएससीच्या पुस्तकांचे गठ्ठे आणि खिडकीपाशी एक इंडक्शन. इथे राहणारी ही मुलगी लातूर जिल्ह्यातली, घरी सोयाबीनची शेती, आणि ती व्हीगन आहे, म्हणजे मटण-अंडी तर नाहीच पण दूध, दही, ताक, तूप, मध पण नाही. घरून महिन्याला ठरलेले पैसे येतात, त्यातच अभ्यासिकेची फी, मेस, खोलीभाडं सगळं बसवायचं, आणि तरी तिचं मस्त चाललंय. म्हणूनच आम्ही तिच्याकडे गेलो, कारण व्हीगन म्हटलं की लोकांना लगेच मॉलमधलं बदामाचं दूध आणि काचेच्या बाटल्या दिसायला लागतात आणि मग "आपल्याला नाही बाबा परवडणार" म्हणून विषय तिथेच संपतो.

मेसमध्ये तिने एवढंच सांगितलं, "काकू, माझ्या चपातीला तूप लावू नका, आणि ताक नको." काकू म्हणाल्या, "अगं मग अंगाला काय लागणार तुझ्या?" प्रश्न बरोबर आहे, त्याच्याकडे येऊच. पण ताटात बघा ना, मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, पिठलं, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, यात दूध आहेच कुठे? कोकणात जाल तर सोलकढी, नारळाचं दूध आणि कोकम, ताकाची आठवण पण येत नाही. मराठी घरातलं रोजचं अर्धंअधिक जेवण असंच आहे, आपण फक्त वरून तूप सोडतो.

आता मार्केट यार्ड, भुसार विभाग. मैत्रिणी मिळून महिन्याचं सामान भरतात म्हणजे भाव जरा बरा पडतो. मटकी, चवळी, हरभरा, मसूर, शेंगदाणे, तीळ, जवस, नाचणी, सगळं सुटं. भाजी मात्र मंडईत आणि ती पण संध्याकाळी उशिरा, वाटे उठवायची घाई असते तेव्हा. नाचणी ती मुद्दाम घेते, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त.

आणि सोयाबीन. इथे जरा थांबायला पाहिजे. देशात सगळ्यात जास्त सोयाबीन पिकवणारी राज्यं म्हणजे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, आणि लातूरचा बाजार तर त्याच्यासाठीच ओळखला जातो. २०२४-२५ ला हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये, म्हणजे किलोला पन्नासच्या पण आत, आणि शेतकऱ्याच्या हातात बऱ्याचदा तेवढेही पडले नाहीत. हा माल जातो तेलाच्या मिलमध्ये, तेल काढल्यावर उरते ती पेंड, आणि त्यातली बहुतेक कोंबड्यांना आणि जनावरांना. ज्या दाण्यात जवळजवळ चाळीस टक्के प्रथिनं आहेत तो दाणा पिकवणाऱ्याच्याच घरात शिजत नाही, हे आम्हाला खरंच खूप लागलं. हिच्या आईने पण आयुष्यभर सोयाबीन पेरलं, काढलं, मोंढ्यावर घातलं, खाल्लं कधीच नाही. आता दोन पायल्या लेकीसाठी बाजूला काढून ठेवते.

दूध कसं करायचं ते बघा. सोयाबीन रात्रभर भिजत घालायचं, सकाळी चोळून सालं काढायची, एका वाटीला सहा-सात वाट्या पाणी घालून मिक्सरला लावायचं, फडक्यातून पिळायचं आणि मग चांगलं पंधरा मिनिटं उकळायचं, सारखं ढवळत, कारण फेस भांड्याबाहेर येतो. उकळणं टाळायचं नाही, कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारे घटक असतात, ते शिजवल्यानेच जातात. एक किलोत सहा-सात लिटर आरामात निघतं. गाळून उरलेला चोथा थालीपीठात, आणि तो शिजायला हवा म्हणून थालीपीठ पातळ थापून झाकण ठेवून भाजायचं. लिंबू पिळून याच दुधाचं टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, पण होतं. चहाला मात्र युक्ती लागते, उकळत्या चहात ओतलं की फाटतं, म्हणून चहा गाळून घ्यायचा आणि वरून गरम केलेलं दूध हळूहळू. चव वेगळी लागते, हे ती पण कबूल करते, आणि ज्याला नाहीच आवडलं त्याने गवती चहा घालून कोरा प्यावा.

आता काकूंचा प्रश्न. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं, पुढे मोठ्या आजारपणात शेळीचं दूध घ्यावं लागलं आणि त्याची खंत त्यांना कायम राहिली. त्या काळी बी-१२ नावाचं जीवनसत्त्व कोणाला माहीतच नव्हतं. आज माहीत आहे. डाळी, भाज्या, धान्य यातून ते भरवशाने मिळत नाही, कितीही चांगलं खाल्लं तरी नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायचीच आणि अधूनमधून रक्त तपासायचं. यात कोणीही हयगय करू नका, बी-१२ कमी पडलं की हातापायाला मुंग्या येतात, नसांवर परिणाम होतो, आणि उशीर झाला तर ते नुकसान पूर्ण भरून निघेलच असं नाही.

शेवटी पाकिटं. शाकाहाराचा हिरवा ठिपका बघून फसू नका, त्यात दूध चालतं. व्हीगनचं चिन्ह वेगळं, हिरव्या रंगाचा इंग्रजी व्ही आणि त्यावर पान, त्याचे नियम आले २०२२ मध्ये. चिन्ह नसेल तर मागची बारीक अक्षरं वाचायची, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन असं काही दिसलं की पुडा परत ठेवायचा, हे सगळे दुधातलेच घटक. बिस्किटं, ब्रेड, चॉकलेट यात हे हमखास सापडतं. बेकरीतल्या सुट्या मालाला लेबल नसतं, तिथे सरळ विचारायचं, "दादा, यात दूध पावडर घालता का?", आणि बहुतेक जण खरं सांगतात.