दमवणारा कोण? इंग्रजी क्रियापदांमागचे घोडे

ग्लासगो, साल १९७८. युनिव्हर्सिटीच्या एका बिल्डिंगला आग लागते, आणि आत काय असतं तर कागदाच्या चिठ्ठ्या. ढिगाने. १९६५ पासून प्रोफेसर मायकल सॅम्युएल्स आणि त्यांची मंडळी ऑक्सफर्ड डिक्शनरीतला एकेक शब्द उचलत होती, त्याचा अर्थ आणि साल चिठ्ठीवर लिहीत होती आणि एका अर्थाच्या चिठ्ठ्या एका गठ्ठ्यात लावत होती. कॉम्प्युटर नाही, झेरॉक्सची दुसरी प्रत नाही. चिठ्ठ्या वाचल्या त्या केवळ धातूच्या कपाटांत होत्या म्हणून. पुढे २००९ मध्ये त्याचे, म्हणजे अर्थानुसार लावलेल्या या शब्दकोशाचे, दोन जाडजूड खंड छापून आले, आठ लाखांच्या आसपास अर्थ, काम सुरू झाल्याला तेव्हा चव्वेचाळीस वर्षं होऊन गेली होती. थकवा या विषयावर बोलायला यांच्याइतकं लायक कोणी नसेल.

अशा गठ्ठ्यांमधला एकच आज बघायचा. दुसऱ्याला दमवणे. स्वतः दमणे नाही हां, दुसऱ्याला दमवणे, पिदडणे, त्याचा पिट्ट्या पाडणे. इंग्रजीत यासाठी शब्दांचा नुसता सडा पडलाय. आणि ते नीट बघत गेलं की एक गंमत कळते, म्हणजे गंमत म्हणायची की काय ते तुम्हीच ठरवा. आज हे शब्द सगळे स्वतःबद्दल वापरतात, मी टायर्ड आहे, मी एक्झॉस्टेड आहे, मी नॅकर्ड आहे. दमवणारा वाक्यात कुठेच नसतो. पण बऱ्याच शब्दांच्या जन्माच्या वेळी तो होता, हातात चाबूक घेऊन.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात साधा शब्द टायर. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो आहे आणि तेव्हा त्याचा एक अर्थ कमी पडणे, बंद पडणे असाही होता. (गाडीच्या टायरशी याचा काडीचा संबंध नाही. तो टायर आला पोशाख या अर्थाच्या ॲटायर शब्दातून, चाकाचा पोशाख म्हणून.) मग लॅटिनमधून फ्रेंच करत करत फटीग आला, सैन्यात तर शिपायांना झाडलोट आणि खणायची कामं लावायची त्यालाच फटीग ड्यूटी म्हणायला लागले. आणि एक्झॉस्ट, त्याच्या मुळाशी पाणी उपसणं आहे, विहीर तळापर्यंत उपसून कोरडी करायची तसा माणूस. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला.

पण ही सगळी सभ्य मंडळी. खरी मजा तबेल्यात आहे.

जेड. जेड म्हणजे मरतुकडं, कामातून गेलेलं घोडं. चौदाव्या शतकाच्या शेवटी कवी चॉसरच्या कँटरबरीच्या यात्रेकरूंमध्ये एक पाद्री अशाच घोड्यावर बसून चाललाय आणि सरायवाला त्याला म्हणतो, घोडं असलं असलं तरी तू आनंदात राहा बाबा. म्हणजे लोकांना बघताक्षणी कळत होतं, हा जेड आहे. मग साधारण १६०० च्या सुमारास त्याचं क्रियापद झालं, टू जेड, म्हणजे घोड्याला दामटून दामटून त्या अवस्थेला नेणे. आणि आज? आज जेडेड म्हणजे कोण, तर ज्याला पार्ट्यांचा आणि परदेश दौऱ्यांचा कंटाळा आलाय असा पैसेवाला माणूस. घोड्याचा शब्द बसणाऱ्याने पळवला, दुसरं काय.

भाड्याच्या घोड्यांची गोष्ट तर वेगळीच. भाड्याच्या घोड्याला हॅकनी म्हणत, त्यावरून पुढे हॅक, आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या वाक्याला हॅकनीड म्हणतात तेही तिथलंच. केंब्रिजमध्ये थॉमस हॉब्सन नावाचा माणूस होता, १६३१ मध्ये वारला, सामानाच्या गाड्या चालवायचा आणि विद्यार्थ्यांना घोडे भाड्याने द्यायचा. पोरं यायची आणि सगळ्यात जोरात पळणारं तेच घोडं मागायची, रोज तेच, मग ते चार दिवसांत मेटाकुटीला येणार नाही तर काय. हॉब्सनने नियमच केला, दाराशी जो घोडा उभा असेल तो घ्यायचा, नाहीतर चालत जायचं. बाहेरून आलेला घोडा रांगेच्या शेवटी. हॉब्सन्स चॉइस म्हणजे नावाला पर्याय, प्रत्यक्षात नाहीच, असं आज आपण म्हणतो आणि बिचाऱ्याला आडमुठा दुकानदार समजतो, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासात घोड्याच्या पाळीचा विचार केलेला हा एक शहाणा माणूस.

आता लंडनला या. एकोणिसावं शतक संपत आलंय आणि शहरात तीन लाखांच्या आसपास घोडे आहेत. ट्राम घोड्याची, बस घोड्याची, कोळसा, दूध, बिअरची पिंपं, सगळं घोड्यावर. दगडी रस्ता, पावसाने निसरडा, बस भरलेली, पुन्हा पुन्हा थांबायचं आणि पुन्हा पुन्हा तेवढं वजन जागेवरून हलवायचं, घोड्याचे पाय त्यातच जायचे. चार-पाच वर्षांत बसचा घोडा त्या कामातून बाद, मग जरा हलक्या गाडीला, मग आणखी गरीब मालकाकडे, आणि शेवटी नॅकरकडे.

नॅकर आधी खोगीर-लगाम बनवणारा होता. मग म्हातारे आणि लंगडे घोडे विकत घेऊन मारणारा तो नॅकर. त्याच्या आवारात काहीच वाया जायचं नाही, कातडं चामड्याला, हाडं बटणांना आणि खताला, खूर सरसाला, मांस उकडून लंडनच्या मांजरांना, ते काड्यांना लावून घरोघर विकणारे फेरीवाले असायचे. या शब्दाचंही क्रियापद झालं, आधी अर्थ होता मारून टाकणे, मग ठार दमवणे. आता इंग्लंडमधला कुणीही ऑफिसवाला शुक्रवारी संध्याकाळी सोफ्यावर आडवा होऊन सांगतो की तो नॅकर्ड आहे, म्हणजे अक्षरशः बघायला गेलं तर खाटकाकडे जायच्या लायकीचा झालोय असं तो म्हणतोय, आणि वर चहा मागतोय.

या आवारांबद्दल १८४९ च्या इंग्लंडच्या कायद्यात बारीक तपशील आहेत. घोडा आत आला की त्याच्या मानेवरचे केस कापायचे. का? तर ही आयाळ नसलेली मान कुठल्या गाडीला जुंपलेली दिसली तर कळलं पाहिजे की हा घोडा मरायला गेला होता आणि कुणीतरी मागच्या दाराने परत कामाला आणलाय. तीन दिवसांच्या आत मारायचा, तोवर खायला-प्यायला द्यायचं, काम करून घ्यायचं नाही. असा नियम लिहावा लागला म्हणजे लोक काय करत असतील ते ओळखा.

याच कायद्यात आपल्या गठ्ठ्यातलं सगळ्यात प्रामाणिक क्रियापद आहे. ओव्हरड्राइव्ह. जनावराला मारणं, छळणं आणि ओव्हरड्राइव्ह करणं, हे गुन्हे. शब्द जुना आहे, १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये याकोब आपल्या भावाला सांगतो की पोरं लहान आहेत, गुरं-मेंढरं वीतभर पिलांना पाजतायत, एक दिवस जरी यांना जास्त दामटलं तर कळपच्या कळप मरेल. तिथे हाच शब्द. आणि हा शब्द मला आवडतो कारण यात हाकणारा लपूच शकत नाही, ड्राइव्ह आहे म्हणजे ड्रायव्हर आला.

माणसांचे शब्दही आहेत, पटकन बघू. हॅरॅस, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये आजही त्याचा अर्थ दमून गेलेला असाच आहे. शत्रूवर सारखे छोटे छोटे हल्ले करून त्याला झोपू द्यायचं नाही, हे हॅरॅस करणं. फॅग, इंग्लंडच्या बड्या बोर्डिंग शाळांत लहान पोरांनी मोठ्या पोरांचे बूट पुसायचे, टोस्ट भाजायचे, शेकोटी पेटवायची, त्या पद्धतीचं नाव फॅगिंग, आणि फॅग्ड आउट म्हणजे गळून गेलेला (अमेरिकेत मात्र हा शब्द शिवी आहे, तिकडे तोंडातून काढू नका). फ्रॅझल, म्हणजे दोरा-दोरा सुटलेली दोरी. एप्रिल १८६५, अमेरिकेतलं यादवी युद्ध, ॲपोमॅटॉक्सला जनरल गॉर्डनने जनरल लींना निरोप धाडला की माझी कोअर, म्हणजे सैन्याची तुकडी, लढून लढून फ्रॅझल झालीय. त्याच दिवशी लींनी शरणागती पत्करली. आणि बर्नआउट, १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने फुकट दवाखान्यात राबणाऱ्यांबद्दल लिहिलं तेव्हापासून चर्चेत. यात तर माणूस आपला आपणच जळतो, जाळणारा कुणी नाहीच.

ओव्हरड्राइव्ह पुढे मोटारीच्या गिअरचं नाव झालं आणि लोक विसरले. पण एका ठिकाणी तो अजून जुन्या अर्थाने जिवंत आहे, आणि ते ठिकाण आपल्याकडे आहे. राज्यसभेत नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५० च्या दशकात प्राण्यांच्या छळाविरुद्ध बिल आणलं, त्यातून १९६० चा कायदा झाला. त्याचं कलम ११ उघडा. मारणे, लाथ घालणे, आणि लगेच पुढे ओव्हर-राइड्स, ओव्हर-ड्राइव्ज, ओव्हर-लोड्स. तीन क्रियापदं ओळीने, तिन्ही दमवणाऱ्याकडे बोट दाखवणारी. बैलगाडा शर्यतींचा वाद सुप्रीम कोर्टात इतकी वर्षं चालला तो याच कायद्यावरून, आणि २०१५ मध्ये हायकोर्टाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या तेव्हाही हा कायदा चर्चेत होताच.

शब्द इतके नेमके, पण त्याच कलमात शिक्षाही दिलीय ती वाचा. पहिल्यांदा सापडलात तर दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. तीन वर्षांच्या आत परत सापडलात तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे कित्येक दशकांपूर्वीचे आहेत, आणि वाढवायच्या नुसत्या गप्पा कितीदा तरी झाल्या.