दप्तराविना दिवस: मुलांना शोषखड्ड्याचा हिशेब करू द्या

नमस्कार. पुढच्या अनिश्चित काळासाठी मुलांना काय शिकवायचं, असं विचारलं की बऱ्याच शाळा रोबोटिक्सचं किट मागवतात. किट वाईट नाही, पण त्यातलं उत्तर खोक्यावरच छापलेलं असतं. सरांनाही ज्याचं उत्तर आधी ठाऊक नाही, असं काम हवं. ते बहुतेक शाळांत नळापाशीच सापडतं: हात धुतल्याचं साचलेलं पाणी. ते जमिनीत जिरवायला शोषखड्डा, म्हणजे दगडांनी भरलेला खड्डा, करायचा आणि त्याचा हिशेब मुलांनी मांडायचा.

वेळ कुठून काढायचा? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस आहेत. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाच्या अभ्यासक्रमात तर आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात.

आधी प्रत्येकानं वहीत अंदाज लिहायचा, मगच मोजायचं. हा क्रम मोडू देऊ नका. जेवणाच्या सुट्टीत मोरीच्या पाइपाखाली 20 लिटरची बादली ठेवा, भरायला किती सेकंद लागतात ते बघा, त्यावरून रोज किती पाणी वाहतं त्याचा हिशेब काढा.

आता प्रश्न: मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा दगडांनी भरला, तर पाणी किती मावेल? वर्ग एका सुरात ‘हजार लिटर’ म्हणतो. खोडू नका. तीच बादली मुठीएवढ्या दगडांनी काठोकाठ भरा आणि मापानं पाणी ओता. सात-आठ लिटरलाच बादली वाहू लागते. म्हणजे हजारात साधारण चारशे. इथे गप्प बसणं शिक्षकाला सगळ्यात जड जातं; फक्त ‘कशावरून?’ एवढंच विचारा.

मग जमीन. फूटभर खोल तीन छोटे खड्डे घ्या, आदल्या दिवशी पाण्यानं भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून काठी उभी करा, दर दहा मिनिटांनी पातळी टिपा. आदल्या दिवशीचं भिजवणं टाळलं तर काळी माती फसवते: उन्हाळ्यात भेगांतून पाणी सरसर जातं, माती फुगली की थांबतं. मुरमात ही अडचण कमी. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर जागा बदला.

दगडाचा भाव ब्रासमध्ये निघतो, एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. आपला खड्डा साधारण 35 घनफुटांचा. मीटरचं फूट करताना अर्धा वर्ग चुकतो. चुकू द्या, पण दगड मागवण्याआधी.

खोदाई मोठ्यांनी करायची. भुसभुशीत कडा ढासळते, त्यामुळे मुलांना आत उतरवू नका. खाली मोठे दगड, वर लहान. वरच्या थरात तळाला भोकं पाडलेला माठ, त्यात काथ्या. भोवती बारदान अंथरून माती.

खड्डा बहुतेक वेळा तुंबतो तो पोषण आहाराच्या भांड्यांमुळे. भाताची शितं आणि तेल दगडांत बसतं. मोरीला जाळी लावा, काथ्या दर पंधरवड्याला बदला. ही पाळी कोणाची, ते मुलांनीच ठरवायचं. मोठं माणूस ठरवतं तिथे महिन्याभरात माठ भरलेला सापडतो.

गुण खड्डा चालला म्हणून देऊ नका. वहीत अंदाज, माप आणि दोघांतल्या फरकाचं कारण आहे का, ते तपासा. शेवटच्या पानावर काथ्या बदलल्याच्या तारखा लिहा आणि जूनमध्ये वही नव्या आठवीकडे द्या. पावसाळ्यात पाणी मुरायला वेळ का लागतो, हे त्यांना शोधायचंय.